बत्तिशीचा हिशेब

बंगळूरला एचएसआर लेआउटमधल्या एका छोट्या कंपनीत दातांच्या त्रिमितीय स्कॅनवर डीप लर्निंगचं काम करतो. अलायनर, म्हणजे दात सरळ करणारा पारदर्शक साचा, बनवायचा तर आधी स्कॅनमधला प्रत्येक दात हिरडीपासून आणि शेजारच्या दातापासून सुटा करावा लागतो. या कामात नव्याने येणाऱ्या मुलांना जे सांगत असतो, ते हे.

१. कोड उघडण्याआधी दातांचे नंबर पाठ करा. दातांना दोन आकडी नंबर देणाऱ्या एफडीआय पद्धतीत 36 म्हणजे रुग्णाच्या खालच्या जबड्यातली डावीकडची पहिली दाढ. डेटा वाढवायला स्कॅन आरशात बघावा तसा उलटवलात, तर तिचा 46 झाला पाहिजे. लेबल तसंच राहिलं तर मॉडेल डाव्या-उजव्याचा घोळ घालत बसतं आणि दोष मात्र नेटवर्कला मिळतो.

२. नसलेला दात सगळ्यात जास्त छळतो. दाटी असली की ऑर्थोडॉन्टिस्ट बऱ्याचदा 14 आणि 24 या उपदाढा काढतात. मग सुळ्याला लागून येते ती 15. जागेवरून पाहावं तर ती 14 वाटते, आणि दोघींच्या आकारातही फारसा फरक नाही. अशा वेळी दाढेपासून उलटं मोजत यायचं. तरीही नंबर माणसाने तपासल्याशिवाय केस पुढे सोडू नये. कडा चुकली तर डॉक्टर हसून दुरुस्त करतात. नंबर चुकला की त्यांचा सगळ्याच कामावरचा विश्वास उडतो.

३. मॉडेलच्या सरासरी गुणांवर भाळू नका. स्कॅन म्हणजे त्रिकोणांची जाळी, मेश. त्यातले दाताच्या मधोमध असलेले त्रिकोण कोणतंही मॉडेल बरोबर ओळखतं. भांडण असतं ते हिरडीच्या काठाशी. एक अलायनर दात साधारण पाव मिलिमीटर सरकवतो, तिथे अर्धा मिलिमीटर चुकलेली कडा कोण चालवून घेईल? कडेची चूक वेगळी मोजा.

खालचे पटाशीचे दात एकमेकांवर चढलेले असले, की स्कॅनरचा प्रकाश फटीत पोचतच नाही. मेशमध्ये दोन दात एकसंध दिसतात. तिथली रेघ डॉक्टरही अंदाजानेच मारतात. म्हणून एकच स्कॅन दोघा डॉक्टरांकडून स्वतंत्रपणे आखून घ्या. त्यांच्यात जेवढा फरक, त्याहून बारीक काम मॉडेलकडे मागण्यात अर्थ नाही.

४. खुला डेटा जरूर वापरा, पण तो कुणाच्या तोंडातला आहे ते बघा. 2022 च्या मिकाई या परिषदेतल्या स्पर्धेत 900 रुग्णांचे 1800 स्कॅन खुले झाले, आमच्या क्षेत्राला मोठाच आधार मिळाला. पण ते प्रामुख्याने फ्रान्स आणि बेल्जियममधल्या क्लिनिकांतले, त्यातही सोळा वर्षांखालचे रुग्ण जास्त. आपल्याकडे चाळिशीतला माणूस येतो तो झिजलेल्या दाढा, कॅप आणि एखादी रिकामी जागा घेऊन.

५. एसटीएल फाइलमध्ये रंग नसतो. स्कॅनर देत असेल तर क्लिनिककडून रंगासकट पीएलवाय फाइल मागून घ्या. हिरडीचा गुलाबी रंग दिसला की काठावरचे निम्मे वाद तिथेच मिटतात.