गोळी चुकवू नका



“फादर, आता मला बरे वाटते. मग गोळी कशाला?” एका भावाने विचारले. (त्याच्या परवानगीने लिहीत आहे, ओळख पटेल असे काही लिहीत नाही.) लग्नघरी चार दिवस राहायचे होते. डबी कुणी पाहील या भीतीने त्याने ती घरीच ठेवली, आणि परतल्यावरही उघडली नाही.

बरे वाटते ते गोळीमुळेच. एचआयव्ही शरीरातून निघून जात नाही, काही पेशींत दडून राहतो. औषध त्याची वाढ रोखते. मध्येच घेतले, मध्येच सोडले, तर वाढणाऱ्या विषाणूंपैकी काही त्याच औषधाला दाद देईनासे होतात.

सरकारने १ एप्रिल २००४ पासून एआरटी मोफत सुरू केली. आज बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. विसरलात तर त्याच दिवशी आठवताच घ्या. दुसऱ्या दिवशी दोन नकोत. ॲसिडिटीचे औषध, लोह किंवा कॅल्शियम घेत असाल तर एआरटी केंद्रात सांगा. नियमित उपचाराने व्हायरल लोड तपासणीत विषाणू सापडेनासा झाला व तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे मुद्दाम लिहितो. कित्येक पतिपत्नी या धास्तीने कुढत असतात.

आणि आपण बाकीच्यांनी पाहुण्याच्या पिशवीतल्या गोळ्यांची चौकशी करू नये. २०१७ च्या कायद्याने एखाद्याचा एचआयव्ही संमतीवाचून उघड करण्यास मनाई आहे.

तो भाऊ केंद्रात परत गेला, मी सोबत होतो. समुपदेशक बाई रागावल्या नाहीत. “रोज न चुकता काय करता?” एवढेच त्यांनी विचारले.

“रात्री घरी रोझरी म्हणतो.”

“मग गोळी त्याच्या आधी.”