बेणे कोणाच्या मालकीचे?



लागवड जवळ आली की गटागटांतून एक प्रश्न आमच्याकडे येतो : नव्या जातीचे बेणे शेजाऱ्याला दिले तर कायद्याचा बडगा बसेल का? शंका रास्त आहे. आपला यवतमाळ जिल्हा कपाशीचा. संकरित पऱ्हाटीची सरकी राखून पेरली तर पुढच्या साली झाडे सारखी निघत नाहीत, म्हणून दरसाल पाकीट घ्यावेच लागते. बीटीच्या पाकिटात तर जनुकाच्या हक्काचे पैसेही धरलेले असत. सरकारने ते २०२० साली शून्यावर आणले. उसाचे तसे नाही. टिपरी लावली की तोच ऊस उभा राहतो. तेव्हा कायदा काय म्हणतो ते पाहू.

आपल्याकडे बियाण्यावर पेटंट मिळत नाही. त्याऐवजी २००१ साली पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा झाला. नवा वाण काढणाऱ्याने नोंदणी केली की उसासारख्या पिकात पंधरा वर्षे विक्रीचा हक्क त्याचा. त्यानेही वर्षानुवर्षे खपून वाण काढलेला असतो, त्याला मोबदला नको का? पण कलम ३९ प्रमाणे शेतकऱ्याने आपल्या वावरातले बेणे राखावे, लावावे, वाटावे, विकावेसुद्धा. फक्त संरक्षित वाणाचे लेबल लावून, पॅकिंग करून विकता येत नाही. २०१९ साली पेप्सिको कंपनीने गुजरातेतील काही बटाटेवाल्यांवर एकेकी कोटीच्या वर दावे लावले, तेव्हा याच कलमावरून देशभर ओरड झाली आणि कंपनीने दावे मागे घेतले.

कलम ३० त्याहून दूरचे पाहते. संरक्षित वाण घेऊन त्यापासून दुसरा वाण काढायला संशोधकास मोकळीक आहे. ही मोकळीक का हवी? आपल्या वाडवडिलांनी लावलेला को. ४१९ घ्या. कोइमतूरला तो तयार झाला खरा, पण त्याची आई जावा बेटावरची पीओजे २८७८. जावावाल्यांनी ती कुलपात ठेवली असती तर को. ४१९ झालाच नसता.

शेतकरीही वाण काढतो, हे मात्र आपण विसरतो. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या धानात वेगळ्या लोंब्या हेरल्या, त्या वर्षानुवर्षे निवडून लावल्या आणि एचएमटी तांदूळ दिला. तांदूळ राज्याबाहेरही गेला, व्यापारी कमावले. दादाजींना पुरस्कार मिळाले, पण २०१८ साली ते वारले तेव्हाही घरची हलाखी संपली नव्हती. वाण हातोहात पसरला तेव्हा शेतकऱ्याच्या नावे नोंद करणारा कायदाच नव्हता. आज आहे, आणि शेतकऱ्याच्या वाणाला नोंदणीची फी नाही.

म्हणून फडात एखादे बेट निराळे, जोमदार दिसले तर तोडणीत जाऊ देऊ नका. खूण करा, तारीख लिहून ठेवा, कारखान्याच्या शेतकी खात्याला दाखवा. आणि शेजाऱ्याला बेणे जरूर द्या, पण काणी व गवताळ वाढ नसलेल्या प्लॉटातलेच. त्या रोगांना कोणतेही कलम लागू नाही.