झाकणातला चहा

चि. मनूस,


काल तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते, नीट बोलता आलं नाही. चिकू साडेतीन वर्षांचा झाला, शेजारची मुलगी बाराखडी गिरवते आणि हा दिवसभर झाकणं मांडून खोटं खोटं खेळतो, म्हणून क्लास लावू का, असं विचारलंस. लावू नकोस.

दिवाळीत तुमच्याकडे आले होते, तेव्हाचं आठवतं? चिकूने बाटलीच्या झाकणातून मला चहा आणला. मी तोंडाला लावणार तेवढ्यात म्हणाला, ‘थांब, गरम आहे,’ आणि स्वतःच फुंकर घातली. मग सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी जपून ते माझ्या हातात दिलं. तू ओट्यापासून म्हणालीस, ‘अरे, रिकामं आहे ते!’ मनू, ते त्याला ठाऊक होतं. झाकणात चहा आहे असं धरून चालायचं आणि ते झाकण आहे हेही विसरायचं नाही, एवढं सगळं तो एकाच वेळी सांभाळत होता. उद्या ‘च’ शिकताना हेच लागणार आहे. कागदावरच्या त्या वळणात चमच्यासारखं काय असतं? काहीच नाही, आपण ते धरून चालतो. लेव्ह वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने लिहिण्याची मुळं अशाच खेळात शोधली होती.

वायगॉट्स्कीने आणखी एक गोष्ट दाखवली. लुटुपुटूच्या खेळालाही नियम असतात. ‘मी आई झाले, तू बाळ झालास’ असं ठरलं की बाळाने रांगायचं, धावायचं मन झालं तरी धावायचं नाही. एरवी दोन मिनिटं एका जागी न ठरणारं मूल पहारेकरी झालं की दारात ताठ उभं राहतं. आपण दहादा ‘गप बस’ म्हणून जे होत नाही, ते मूल आपण होऊन करतं.

बालवाडीत माझी एकतीस वर्षं गेली. एक मुलगी हनुवटीला टाके घालून आली आणि आठ दिवस बाहुलीला इंजेक्शनं देत बसली. पहिल्या दिवशी पेन्सिल नुसती खुपसायची. मग हळूहळू बाहुलीचा हात धरायला लागली, शेवटी ‘मुंगी चावल्यासारखं होईल हं’ म्हणून समजूत घालायला लागली. त्याच आठवड्यात मी तिला उठवून पाटीवर रेघा मारायला बसवत होते. ते मला अजून सलतं. तिचं खरं काम बाहुलीपाशी चाललं होतं.

महागडं खेळण्यातलं स्वयंपाकघर आणू नकोस. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला वारली मुलांत गेल्या, तेव्हा मॉन्टेसरीच्या विकतच्या साधनांऐवजी बिया, शिंपले, खडे असंच आसपासचं सामान वापरलं. खडा लाडू होतो, पैसा होतो, औषधाची गोळीही होते. बटण दाबल्यावर शिट्टी वाजवणारा प्लॅस्टिकचा कुकर कुकरच राहतो.

चिकूने खेळायला बोलावलं तर जा, पण सूत्रं त्याच्याकडेच राहू देत. मधेच ‘कप कोणत्या रंगाचा? किती कप आहेत?’ असं विचारू नकोस, तिथे खेळाची परीक्षा होते आणि मूल उठून जातं. ‘साखर कमी पडली हो,’ म्हण, बघ कसा धावत जाऊन आणतो. आणि मुलगा असून भातुकली काय खेळतो, असं घरात कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे थांबव. मोठ्यांच्या मानाखातर ऐकून घेऊ नकोस, तो ऐकत असतो.

माझी जुनी इरकली कापून चार तुकडे केलेत, त्यांची पागोटी होतील, तंबू होईल. त्याबरोबर नारळाच्या दोन करवंट्या घासून पाठवते आहे. कडा गुळगुळीत केल्या आहेत, तरी एकदा हात फिरवून बघ.

तुझी,
आत्या