रोही, काळवीट आणि त्यांचे गणगोत

वाशिम जिल्ह्याच्या शिवारात रोही आणि काळवीट हे दोन्ही वन्य प्राणी आढळतात. कारंजा तालुक्यातील सुमारे १८ चौरस किलोमीटरचे कारंजा-सोहोळ अभयारण्य तर काळविटांसाठीच राखलेले आहे. तूर-सोयाबीनची नासाडी झाली की दोघांचीही गणना सरसकट ‘हरणां’त होते. रोह्याचे दुसरे नाव मात्र नीलगाय. मग हा प्राणी गाय समजावा की हरीण?

या प्रश्नाने शास्त्रज्ञांनाही चकविले होते. स्वीडनच्या लिनीयसने १७५८ साली काळविटाला शेळीच्या प्रजातीत बसविले. पुढे १७६६ साली पलास या निसर्गशास्त्रज्ञाने रोह्याला कुरंगांच्या प्रजातीत घालून ‘शेळी-उंट’ अशा अर्थाचे नाव दिले. त्या काळी वर्गीकरणाचा आधार मुख्यतः बाह्य रूप हाच होता. डार्विनने १८५९ साली सजीवसृष्टीची तुलना शाखा फुटत जाणाऱ्या वृक्षाशी केली आणि वर्गीकरणाला वंशावळीचा अर्थ प्राप्त झाला.

वंशावळ मांडताना एक दक्षता घ्यावी लागते. मोकळ्या माळरानावर राहणाऱ्या प्राण्यांना सडपातळ पाय आणि वेग लाभतो. तेवढ्यावरून ते सख्खे ठरत नाहीत. समाईक पूर्वजात नव्याने उद्भवून वंशजांकडे आलेली लक्षणेच नात्याचा पुरावा देतात. चितळाची शिंगे भरीव, शाखायुक्त असून ठरावीक काळाने गळून पडतात. रोही, काळवीट, गाय, शेळी यांच्या शिंगांत हाडाच्या गाभ्यावर पोकळ आवरण असते व ती गळत नाहीत. म्हणून चितळाचे कूळ वेगळे आणि या चौघांचे एक. अलीकडच्या दशकांत डीएनएच्या तुलनेने या कुळातील शाखाही स्पष्ट झाल्या आहेत.

या कुळाच्या दोन मोठ्या शाखा आहेत. पहिलीत गाय, म्हैस, गवा यांच्यासह रोही व चौसिंगा येतात. अकोला-वाशिम जिल्ह्यांतील काटेपूर्णा अभयारण्यात आढळणारा चौसिंगा हा रोह्याचा सर्वांत जवळचा हयात आप्त होय. दुसऱ्या शाखेत काळवीट, चिंकारा, तसेच शेळी-मेंढी येतात. म्हणजेच रोही हा काळविटापेक्षा गायीला जवळचा, तर काळवीट हा रोह्यापेक्षा शेळीला जवळचा! तथापि रोही म्हणजे गाय नव्हे. दोघांच्या वाटा लक्षावधी वर्षांपूर्वीच विभागल्या आहेत.

या ज्ञानाचा व्यवहारातही उपयोग आहे. लाळ-खुरकूत हा रोग दुभंगलेल्या खुरांच्या प्राण्यांना जडतो. गावची गुरे आणि वन्य प्राणी एकाच माळावर चरत असतील, तर गुरांचे वेळेवर लसीकरण दोघांच्याही हिताचे ठरते. पीकरक्षणाचे उपायही सरसकट योजून चालत नाहीत. काळवीट उघड्या गवताळ माळावर राहतो व मुख्यतः गवत खातो; रोही झुडुपी रानातही वावरतो आणि झाडपालाही खातो. दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यामुळे पिकाची हानी झाल्यास वनविभागाकडे त्वरित तक्रार नोंदवून भरपाई मागणे, हाच योग्य मार्ग होय.

शिक्षकांनी गावातील गाय, शेळी व परिसरातील वन्य प्राणी घेऊन असा वंशवृक्ष फळ्यावर काढून दाखवावा. उत्क्रांतीचा पाठ त्यामुळे विद्यार्थ्यांना आपल्या शिवारातलाच वाटेल.