दोन दिवस वर्ग, पाच दिवस घर

प्रश्न : माझी भाची कुटुंबासह अमेरिकेतून अलिबागजवळ राहायला येत आहे. तिचा मुलगा सहा वर्षांचा. तिकडे तो आठवड्यातून दोनच दिवस एका ‘ख्रिस्ती क्लासिकल’ वर्गाला जायचा आणि बाकीचे दिवस आईच घरी शिकवायची. इथल्या ओळखीच्या चार ख्रिस्ती घरांतली मुलं गोळा करून तसाच वर्ग काढायचं तिच्या मनात आहे आणि शिकवायला ती मला बोलावते आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवून निवृत्त झाले. हा प्रकार नेमका काय आहे? त्यात लॅटिनही असतं म्हणे; एवढ्याशा मुलांना ते कशाला? आणि आपल्याकडे हे चालेल का?
— एक निवृत्त शिक्षिका, रेवदंडा

उत्तर : बाई, तुम्ही पहिलीला पाढे म्हणवून घेतले आहेत, म्हणजे यातलं निम्मं काम तुमच्या सवयीचं आहे.

‘क्लासिकल’ म्हणजे युरोपातल्या जुन्या शिक्षणावर बेतलेलं. त्या शिक्षणाच्या पहिल्या तीन पायऱ्या होत्या : व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व. डोरोथी सेयर्स या इंग्रज लेखिकेने १९४७ साली ऑक्सफर्डच्या एका व्याख्यानात या पायऱ्या मुलांच्या वयाशी जोडून दाखवल्या. लहानपणी पोपटासारखं म्हणायला आवडतं, तेव्हा पाठांतर करून घ्यावं. पुढे मूल हुज्जत घालू लागतं, तेव्हा त्याला तर्क शिकवावा. आणि स्वतःचं काही सांगावंसं वाटू लागलं की वक्तृत्व. शिकवण्याचा आपल्याला फारसा अनुभव नाही, हे सेयर्सबाईंनी व्याख्यानाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. तरी १९८० नंतर अमेरिकेतल्या ख्रिस्ती पालकांनी ही मांडणी उचलून धरली. आधी शाळा निघाल्या, मग घरी शिकवणाऱ्यांसाठी अर्धवेळ वर्ग. ‘क्लासिकल कॉन्व्हर्सेशन्स’ हा त्यातला बराच पसरलेला उपक्रम १९९७ मध्ये सुरू झाला. त्यात मुलं आठवड्यातून एक दिवस, अशी वर्षात २४ आठवडे एकत्र येतात. इतर काही वर्गांत हे दिवस दोन किंवा तीन असतात.

लहानांच्या वर्गात प्रार्थना होते, गाणं होतं आणि मग मोठ्याने म्हणणं. इतिहासातलं एखादं वाक्य, नकाशावरची नावं, पाढे आणि लॅटिनचे विभक्तिप्रत्यय. ते ‘आ, आय, आय, आम, आ’ असे टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणतात. आपण ‘रामः रामौ रामाः’ म्हणायचो, तेच हे. सहा वर्षांच्या मुलाचं लॅटिन एवढंच असतं, त्यामुळे त्याची धास्ती नको. पण माझं मत विचाराल तर इथे लॅटिन दोन-तीन वर्षं थांबू द्या. आधी मूल मराठी घडाघडा वाचू दे.

आपल्याकडे हे चालेल का, याचं उत्तर तुमच्याच किनाऱ्यावर शोधायला हवं.

खाडीपलीकडचं कोर्लई घ्या. १७४० मध्ये चौल-रेवदंडा आणि कोर्लईचा किल्ला मराठ्यांकडे आला आणि पोर्तुगीज राज्यकर्ते निघून गेले. गावातल्या कॅथलिक घरांनी मात्र पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली आपली बोली सोडली नाही. मुलं शाळेत मराठी शिकतात, घरात ही बोली बोलतात. कुठल्याही शाळेने ती कधी शिकवली नाही, तरी पावणेतीनशेहून अधिक वर्षं ती टिकली. चर्चचा तिला आधार होता, कारण उपासनेत विसाव्या शतकातही पोर्तुगीज होती. पण मुलांच्या तोंडी ती रुळवली आयांनी आणि आज्यांनी, चुलीपाशी आणि मासळी निवडताना.

दुसरं उदाहरण बेने इस्रायल या ज्यू समाजाचं. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, असं हा समाज सांगत आला. तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावोगाव त्यांना शनिवार तेली म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून हिब्रू भाषा त्यांच्यातून गेली, पण ‘शेमा’ ही एक प्रार्थना राहिली. बारशाला, लग्नाला, मयताला तीच म्हटली जायची. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी त्यांना उपासनेचे विधी शिकवले, अमेरिकन मिशनच्या शाळांत त्यांची मुलं शिकली, आणि स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं. म्हणजे कोकणातल्या तेल्याच्या मुलाला बायबलच्या जुन्या कराराची मूळ भाषा मराठीतून शिकायची सोय झाली. क्लासिकल शिक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

ही दोन उदाहरणं मी मुद्दाम शेजारी ठेवतो आहे. पाठांतर घरात टिकतं, वर्गात नाही. आणि नुसतं घर असलं तर शब्द राहतात, अर्थ झिजतो. तो पुन्हा उजळायला जाणता शिक्षक लागतो. तुमचे दोन दिवस त्यासाठी आहेत. मुलं जे म्हणतात ते शुद्ध म्हणतात का, त्याचा अर्थ त्यांना सांगता येतो का, आणि चार जणांत उभं राहून म्हणण्याची भीड चेपली का, हे पाहणं तुमचं काम. रोजचा सराव पालकांचा. तो झाला नाही तर दर खेपेला तुम्ही पहिल्या ओळीपासून सुरुवात कराल आणि मुलं कंटाळतील.

शिकवायला काय घ्यावं? मराठीत ख्रिस्ती अभिजात वाङ्मय आहे आणि ते भरपूर आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राशोलला छापलं गेलं, सुमारे ११,००० ओव्यांचं. त्याच्या सुरुवातीचा प्रसंग तर तुमच्या कामाचाच आहे. धर्मशिक्षण चाललेलं असताना नवा ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रींना म्हणतो की आमची जुनी पुराणं आता वाचता येत नाहीत, तर त्यांच्या जागी दुसरं पुराण द्या. त्या मागणीतून मराठीतला एक थोर ग्रंथ उभा राहिला. लहान मुलांना त्यातल्या दोन-चार सोप्या ओव्या चालीवर सहज येतील. जुने शब्द तुम्ही समजावून द्या. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भक्तिगीतं आहेतच. ‘केवढे हे क्रौर्य!’ लिहिणारे तेच टिळक, हेही मुलांना सांगा.

वर्गात एका वेळी दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त पाठांतर नको. तीच ओळ एकदा कुजबुजत, एकदा मोठ्याने, एकदा एका पायावर उभं राहून म्हणायला लावली की मुलं आपणहून पुन्हा मागतात. नंतर त्यांना बाहेर न्या. रेवदंड्याच्या कोटातला सातखणी मनोरा हा फ्रान्सिस्कन मठाचा अवशेष आहे. तिथे उभं राहून सांगितलेला इतिहास नकाशावरच्या नावापेक्षा पक्का बसतो.

कायद्याचं मात्र भाचीला आधीच स्पष्ट सांगा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांना शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य मानतो. घरी शिकवणाऱ्या पालकाला त्यात शिक्षा नाही, पण घरच्या शिक्षणाला स्वतंत्र मान्यताही नाही. अशी कुटुंबं पुढे बहुधा राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या परीक्षांचा मार्ग धरतात. तिथे दहावीची परीक्षा वयाच्या चौदाव्या वर्षापासून देता येते. मला स्वतःला अधिक बरी वाटते ती दुसरी वाट : मुलाचं नाव जवळच्या शाळेत घालावं आणि हा वर्ग शनिवार-रविवारी घ्यावा. त्याला गल्लीतले, वाडीतले, सगळ्या जातिधर्मांचे सोबती मिळतील आणि मराठी आपोआप रुळेल. चर्चमधला धर्मशिक्षणाचा वर्ग रविवारीच असतो, तेव्हा वेळ ठरवण्याआधी फादरांशी किंवा पाळकांशी बोलून घ्या.

आणि होकार देण्याआधी चारही घरच्या आईवडिलांना एकदा एकत्र बसवा. रोज संध्याकाळी अर्धा तास मुलाजवळ कोण बसणार, हे प्रत्येक घराकडून नावानिशी ठरवून घ्या. दोन घरं जरी तयार झाली तरी वर्ग सुरू करा.