संकोचाचे शब्द : निबंधलेखनातील क्रियाविशेषणांची निवड

इयत्ता पाचवी ते सातवीच्या निबंधवह्या पाहताना एक गोष्ट वारंवार आढळते. मूल कोठेही अवघडले की त्याच्या वाक्यात ‘लाजून’ हा एकच शब्द येतो. पाहुण्यांसमोर कविता म्हणावयाची असो, चोरून खाल्लेला गूळ उघडकीस आलेला असो, की दुकानात उधारी मागावयाची असो, ‘मी लाजून बोललो’ एवढ्यावर काम भागते. व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष असल्यामुळे शिक्षकही बरोबरची खूण करून पुढे जातात.

वस्तुतः या तीन प्रसंगी मनाची स्थिती निरनिराळी असते. पाहुण्यांसमोर वाटते ती लाज. तीत कोणाचाच दोष नसतो, उलट थोडा आनंदच मिसळलेला असतो. गूळ खाल्ल्याचे कळले की मूल ओशाळते, कारण चूक आपली हे त्याला ठाऊक असते. ‘वरमणे’ याहून वेगळे. त्यात आधी जोर केलेला असतो आणि मग तो ओसरतो. हुज्जत घालणारा मुलगा वरमून गप्प बसतो. मुळातच भित्रे मूल काय वरमणार? खजील होण्यास बहुधा चारचौघांचे डोळे लागतात. आणि नाही म्हणवत नाही म्हणून केलेले काम ‘भिडेने’ केलेले असते.

उधारीचा प्रसंग मात्र अधिक विचार करण्याजोगा आहे. सातवीतील एका मुलीने लिहिले होते, ‘मी ओशाळून दुकानदाराला म्हणाले, पैसे बाजाराच्या दिवशी देऊ.’ नेहमीचा ‘लाजून’ टाळल्याबद्दल शिक्षकांनी तिचे कौतुक केले, व ते योग्यच होते. परंतु ओशाळावे असे तिने केले काय होते? पावसाने दगा दिला, घरात पैसा नव्हता, आईने पाठविले म्हणून ती गेली. तेथे ‘संकोचाने’ हा शब्द घातला की तिच्या माथ्यावरचा दोष उतरतो. गरिबीचा उल्लेख करताना मुले नकळत स्वतःला अपराधी ठरवितात. अशा ठिकाणी लाल शाईने नुसता शब्द बदलू नये. मुलाला जवळ बोलावून ‘यात तुझी चूक होती का?’ एवढेच विचारावे.

रूपाकडेही लक्ष असावे. ‘ती लाजत बोलली’ यात बोलणे आणि लाजणे बरोबर चालते. ‘ती लाजून आत पळाली’ यात लाजणे आधीचे व पळण्याचे कारण आहे. काही शब्द कर्त्याप्रमाणे बदलतात : तो कसनुसा हसला, ती कसनुशी हसली. क्रियाविशेषणांचा सविस्तर विचार ज्यांना पाहावयाचा आहे, त्यांनी मोरो केशव दामले यांचे १९११ सालचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ अवश्य चाळावे. हुशार मुलांचा दोष निराळाच असतो. ती ‘संकोचाने, चाचरत, खालमानेने’ असे तिन्ही शब्द एका क्रियापदावर लादतात. त्यांतील एक ठेवावयास सांगावे, व तोच का, हेही विचारावे.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक अडचण आहे. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर भागांत अनेक मुलांची घरची भाषा कन्नड, तर सोलापूर शहरातील विणकर कुटुंबांत तेलुगू. अशा मुलाजवळ भावना नसते असे नाही. ‘नाचिके’ किंवा ‘सिग्गु’ हा शब्द त्याच्या ओठांवर असतो, पण मराठीतील त्याच्या शेजारचे पाच शब्द ठाऊक नसतात. प्रसंग आधी घरच्या भाषेत सांगू द्यावा. तो सांगताना मूल मान कशी घालते, कोठे थांबते, हे वर्गाला पाहू द्यावे व मग मराठी शब्द शोधावा. त्याच्या उच्चारास कोणी हसले, तर ते खजील होऊन बसेल आणि त्या दिवशीचा पाठ तेथेच संपेल.

सरावासाठी साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मधील अळणी भाजीचा प्रसंग घ्यावा. हे पुस्तक त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. भाजीत मीठ नाही, याबद्दल वडील चकार शब्द काढीत नाहीत, आणि आई स्वतः जेवावयास बसते तेव्हा तिला ते कळते. पुस्तक न उघडता प्रसंग तोंडी सांगावा व त्या क्षणाचे एक वाक्य मुलांना लिहावयास द्यावे. पुष्कळ मुले ‘खजील होऊन’ लिहितील. तेव्हा विचारावे, तिला हसणारे तेथे कोण होते?