गुडघ्याची दोरी तुटली तर?

तायांनो, कापसाचं गाठोडं घेऊन धुऱ्यावरून उतरताना पाय रुततो, अंग वळतं अन् गुडघ्यात ‘कट्’ आवाज येतो. काही तासांत गुडघा सुजतो. आपण म्हणतो, लचकला. मालीश करतो, लेप लावतो. सूज उतरते, पण पुढे चालताना गुडघा अचानक दगा देतो. अशा वेळी मांडीचं अन् नडगीचं हाड बांधून ठेवणारी दोरी, म्हणजे लिगामेंट, तुटलेली असू शकते.

एक्स-रेमध्ये हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही. म्हणून ‘हाड मोडलं नाही’ एवढं ऐकून थांबू नका. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांना गुडघा दाखवा. गरज वाटली तर ते एमआरआय सांगतील.

सगळ्यांनाच ऑपरेशन लागत नाही. काहींचं व्यायामावर भागतं. गुडघा वारंवार निसटत असेल, तर बहुधा आपल्याच मांडीमागच्या स्नायूचा दोरीसारखा पट्टा काढून दुर्बिणीने आत बसवतात. तो पक्का व्हायला महिने लागतात. म्हणून व्यायाम रोज करायचा. ओझं, उकिडवं बसणं, चिखलातलं काम मात्र डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. त्याला ६ ते ९ महिनेही लागतात. घाई केली तर नवी दोरीही तुटते.

कर्ज काढण्याआधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का, ते आरोग्यमित्राला विचारा. हेल्पलाइन : १५५३८८.

बैठकीत चर्चा करा : आपल्या गटातली ताई सहा महिने वावरात गेली नाही, तर तिचं निंदण अन् हप्ता कसा सांभाळायचा?